धागा: वैचारिक लेखात भावनेला हात घालायचा तो कुठे, किती आणि कसा?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, निबंधाचा पेपर २५० गुणांचा झाला, आणि जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत एकच सल्ला फिरायला लागला: "निबंधात थोडी भावना टाक." टाक म्हणजे काय? शेवभाजीवर लिंबू पिळायचंय का? वक्तृत्व स्पर्धेत, पेपरातल्या वाचकांच्या पत्रात आणि ग्रामसभेच्या निवेदनातही तेच दिसतं. आधी सगळे मुद्दे कोरडे मांडायचे आणि शेवटच्या परिच्छेदात अश्रूंची घागर उपडी करायची.

माझं म्हणणं एवढंच आहे. वाचकाच्या मनात जी भावना उठवाल तिच्यातून तुमच्या मागणीकडे वाट गेली पाहिजे. वाट जात नसेल तर भावना कितीही खरी असो, त्या लेखात तिचं काम नाही.

चर्चेला धरायला काहीतरी हवं म्हणून एक विषय घेऊ: "गावाला सकाळची एसटी हवी." गाव काल्पनिक, आकडे सरावापुरते. हा मुद्दाम बिघडवलेला मसुदा:

"आमच्या गावातील कोवळ्या कळ्यांची अवस्था पाहून कोणाही सहृदय माणसाचे काळीज पिळवटून निघेल. शिक्षणाची गंगा दारापर्यंत आली असताना या लेकी तहानलेल्याच आहेत. झोपलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार? या निष्पाप जिवांचे अश्रू पुसायला कोणी वाली आहे का?"

यात नेमकं काय चुकलंय ते सांगा. "भावनिक झालंय" एवढं सांगून सुटायचं नाही.

पांझरा

पहिली चूक जुनीच आहे, आपल्या साहित्यशास्त्राने तिला केव्हाच नाव दिलंय. मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोष सांगितले, त्यात सुरुवातीलाच येतो तो स्वशब्दवाच्यतेचा: रस किंवा स्थायीभाव (मनातली मूळ भावना) त्याच्या नावाने बोलून दाखवणं. "करुण दृश्य होतं" असं म्हटल्याने करुण रस उपजत नाही. नाट्यशास्त्रकार भरतमुनींचं सूत्रही विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती सांगतं. कारण दाखवा, शरीरावर उमटलेली खूण दाखवा, येऊन जाणाऱ्या छटा दाखवा. भावना वाचकाच्या बाजूला तयार होते.

आता तापीकाठ भाऊंचा मसुदा तपासा. "काळीज पिळवटून", "निष्पाप", "अश्रू" ही सगळी निकालाची भाषा झाली. विभाव, म्हणजे ज्यामुळे हे सगळं होतंय ती गोष्ट, कुठंच नाही. एसटी हा शब्दसुद्धा चार वाक्यांत आलेला नाही!

दुरुस्तीची कृती सोपी आहे. मसुदा झाला की पेन्सिल घ्या आणि भावनेचं नाव घेणारा प्रत्येक शब्द खोडा: हृदयद्रावक, विदारक, भयावह, संतापजनक, केविलवाणा. खोडल्यावर वाक्यात काही उरलं तर ते ठेवा. काहीच उरलं नाही तर तिथे मुळात काही नव्हतंच.

कळण्याची_भाकरी

पांझरा दादांनी खोडायचं सांगितलं, मी भरून दाखवते. तोच विषय, तेच काल्पनिक गाव:

"गावापासून कनिष्ठ महाविद्यालय ११ किलोमीटर. पहिला तास सकाळी ७:२० ला. गावात पहिली एसटी येते ८:०५ ला. गेल्या वर्षी दहावी झालेल्या २३ मुलींपैकी ९ जणींनी अकरावीत नाव घातलं. दिवाळीनंतर त्यातल्या ४ जणी जात होत्या, तीन फाट्यापर्यंत वडिलांच्या गाडीवर आणि एक काळी-पिवळी जीपमध्ये. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पास मोफत आहे, गाडी नाही."

रडारड एका शब्दाची नाही. वाचकाच्या पोटात जे कालवतं ते ७:२० आणि ८:०५ मधल्या ४५ मिनिटांत. शेवटचं वाक्य छोटं ठेवलंय, कारण आधीच्या ओळींनी साठवलेलं वजन त्याच्यावर येऊन पडतं. तिथे "केवढी ही क्रूर थट्टा!" जोडलं असतं तर वजन लेखकानेच उचललं असतं, वाचकाला उचलायला काही राहिलं नसतं.

अजून एक बघा. "दिवाळीनंतर" हा शब्द काढला तर परिच्छेद निम्मा पडतो. दिवाळीनंतर सकाळी सात वाजता खान्देशात काय थंडी असते आणि रस्त्यावर किती उजेड असतो ते इथल्या वाचकाला सांगावं लागत नाही. मुंबईच्या वाचकासाठी लिहिताना मात्र अर्धी ओळ वाढवावी लागेल.

सातपुड्याचा_वारा

ताई, परिच्छेद आवडला, पण मागणी अजून आलेली नाही. ४५ मिनिटांनी कालवलेलं पोट घेऊन वाचक जाणार कुठं?

अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात भावना एकेक करून सोडवल्यात. प्रत्येकीला तो तीन प्रश्न विचारतो: माणूस कुठल्या मनःस्थितीत असताना ती उठते, कोणाबद्दल उठते, कशावरून उठते. रागाबद्दलचं त्याचं निरीक्षण इथे कामाला येतं. राग नेहमी कोणा एका माणसावर असतो, "माणूस" या जातीवर नसतो. "झोपलेलं प्रशासन", "व्यवस्था", "समाजाची मानसिकता" यांच्यावर वाचक चिडूच शकत नाही. चिडायला तोंड लागतं.

म्हणून रागाचा लेख लिहायचा तर वेळापत्रकावर सही कोणाची असते ते आधी शोधा. फेरीचं वेळापत्रक आगार व्यवस्थापकाच्या पातळीवर हलतं की विभाग नियंत्रकाकडे प्रस्ताव जावा लागतो, हे कळल्याशिवाय रागाला पत्ताच नाही. बिनपत्त्याच्या पाकिटासारखं ते परत लिहिणाऱ्याकडेच येतं.

अर्थात पदावर राग धरा, माणसाच्या खानदानावर नको. हेही सांगावं लागतं आजकाल.

अंमळनेरी_पेढा

सातपुडा भाऊंच्या मुद्द्याला आपल्याकडचंच उदाहरण आहे. साने गुरुजींना भावविवश म्हणून बाजूला काढणारे पुष्कळ. पण १९४७ चं पंढरपूरचं उपोषण लेखनाच्या नजरेने पाहा. मागणी एकच: विठ्ठल मंदिराचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडा. करणारे ठरलेले, जागा ठरलेली, आणि उपोषणाआधी कित्येक महिने महाराष्ट्रभर दौरा करून माणसं तयार केलेली. भावना प्रचंड, पण तिचं टोक सुईचं. "समाजात समता यावी" एवढ्यासाठी उपोषण केलं असतं तर ते कधी सुटायचं हेसुद्धा ठरलं नसतं.

काळी_कसदार

दयेवर आणि रागावर बोललात, आता भीतीवर बोला. आपल्याकडे शेतीच्या पत्रकात सगळ्यात जास्त वापर तिचा होतो आणि सगळ्यात जास्त वाया तीच जाते.

"गुलाबी बोंडअळी येतेय! कपाशी उद्ध्वस्त होणार!" असं पत्रक वाचून शेतकरी काय करतो? पत्रक घडी करून खिशात ठेवतो. भीतीच्या आवाहनांवर किम विट यांनी १९९२ मध्ये जे प्रारूप मांडलं त्यात हे नीट उलगडलंय. माणूस दोन गोष्टी तोलतो: धोका किती मोठा आणि जवळचा आहे, आणि उपाय खरंच चालेल का व मला झेपेल का. दोन्ही बाजू भरल्या तर तो धोक्याला भिडतो. धोका मोठा आणि उपाय लंगडा वाटला तर तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीला आवरायला लागतो: "काही होत नाही भो, दरवर्षी ओरडतात."

अ‍ॅरिस्टॉटलनेही म्हटलंय की सुटायची थोडी तरी आशा असेल तरच भीती माणसाला विचार करायला लावते. आशाच नसेल तर तो सुन्न होतो.

त्यामुळे भीतीची एक ओळ लिहिली की उपायाच्या तीन ओळी लिहा, आणि त्या मोजता येतील अशा:

"हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज ८ पतंग सापडले तर समजा वेळ आली. डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही राखलेली कपाशी) ठेवू नका, पऱ्हाटी उपटून विल्हेवाट लावा."

आता भीतीला हात-पाय फुटले. येल विद्यापीठातला १९६५ चा प्रयोग याच धर्तीचा आहे. धनुर्वाताची भीती घालणाऱ्या पत्रकांनी विद्यार्थ्यांचं मत बदललं, पण लस घ्यायला गेले फक्त ३ टक्के. त्याच पत्रकासोबत दवाखान्याचा नकाशा, वेळा आणि "तुमच्या आठवड्यात कधी जाल ते ठरवा" एवढं दिलं, तर गेले सुमारे २८ टक्के. भीती कमी-जास्त केल्याने आकडा हलला नाही, नकाशाने हलला.

तापीकाठ

काळी कसदार, हे सोनं आहे. एसटीच्या पत्रालाही लागू करतो: "तर गावाने काय करावं" याच्या ओळी पाहिजेत. कोणाला, कधी, कोणता कागद.

आता एक भांडण काढतो. एका मुलीची गोष्ट सांगावी की २३ जणींचा आकडा? स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा २००७ चा अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असेल. मालीतल्या रोकिया नावाच्या एका मुलीची माहिती दिली तेव्हा लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती आकडेवारी दिली तेव्हा १.१४, आणि दोन्ही एकत्र दिलं तेव्हा १.४३. म्हणजे गोष्टीला आकडा जोडला तर गोष्ट कमजोर झाली. मग आकडे काढूनच टाकायचे का?

पांझरा

नाही. तो प्रयोग दान मागण्याचा होता. पाच डॉलर हातात आहेत, किती देता, एवढाच प्रश्न. वैचारिक लेखात वाचकाला खिशात हात घालायचा नसतो, मत बदलायचं असतं. आणि मत बदलणारा वाचक लगेच विचारतो: ही एकटी मुलगी आहे की सगळ्यांची हीच गत आहे? आकडा नसेल तर समोरचा एका वाक्यात लेख पाडतो, "एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे". आणि पाडणारा बरोबर असतो.

कळण्याची_भाकरी

दोन्ही खरं आहे, कारण आकडे दोन जातीचे असतात. ७:२०, ८:०५, ११ किलोमीटर हे दृश्यातले आकडे. ते मुलीच्या अंगावर असतात, तिच्याबरोबर रस्त्यावर उभे राहतात. २३ पैकी ९ हा बेरजेचा आकडा, तो वरून खाली बघतो. रोकियाच्या प्रयोगात शेजारी ठेवला होता तो बेरजेचा आकडा, लाखोंचा.

माझी पद्धत अशी: दृश्याच्या परिच्छेदात दृश्यातलेच आकडे, तीनपेक्षा जास्त नाहीत. बेरजेचा आकडा पुढच्या परिच्छेदात, तिथे सूर बदलतो आणि पुरावा सुरू होतो. ६०० शब्दांच्या लेखात दृश्याला ७० ते ९० शब्द पुरतात. दीडशेच्या वर गेलं की लेखाची कथा होते आणि संपादक पुरवणीकडे ढकलतो.

वरच्या माझ्याच परिच्छेदात "२३ पैकी ९" दृश्यात घुसलाय, हे आत्ता लिहिताना दिसलं. तो खाली न्यायला हवा.

केळफूल

एकीची गोष्ट सांगायची म्हणता, पण आपल्याकडची गावं केवढी? हजार-दीड हजार वस्ती. "काळी-पिवळीत जाणारी एक मुलगी" म्हटलं की संध्याकाळपर्यंत पारावर नाव निघतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं तेही जाणं बंद. ज्या मुलीसाठी लेख, तिलाच लेख भोवतो.

सातपुड्याचा_वारा

केळफूल ताई, अगदी. तीन वाटा आहेत. पहिली, त्या कुटुंबाची परवानगी घ्या आणि छापण्याआधी मजकूर वाचून दाखवा, नुसतं "तुमच्यावर लिहितोय" पुरत नाही. दुसरी, ओळख पटवणारे तपशील गाळा पण बदलू नका. काळी-पिवळी गाळता येते. तिच्या जागी "रिक्षा" लिहिणं मात्र खोटं. तिसरी, "समजा" म्हणून उघडपणे काल्पनिक करा. चार मुलींची एक मुलगी करून ती खरी म्हणून खपवणं ही चौथी वाट, आणि ती फसवणूक आहे. पकडली गेली की लेखातले खरे आकडेही मरतात.

काही ठिकाणी तर निवडच नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे, बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आहे.

आणि शेतकरी आत्महत्येवर लिहिणाऱ्यांनी: प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पाळा. पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठी छापू नका, मथळ्यात भडकपणा नको, मदतीचा क्रमांक द्या (टेली-मानस १४४१६). "कर्जापायी गळफास" असा मथळा देऊन कर्जमाफीचा युक्तिवाद बळकट होत नाही. दुसऱ्या कर्जबाजारी वाचकाला मात्र त्यात वाट दिसू शकते.

खापरावरचा_मांडा

बोलीबद्दल कोणीच बोललं नाही. प्रमाण मराठीत चाललेल्या लेखात आईच्या तोंडचं एकच वाक्य अहिराणीत ठेवा: "अंधारामा पोरले एकली कशी धाडू?" पूर्ण लेखात तेवढंच. इथला वाचक त्या वाक्यापाशी थांबतो, कारण ते त्याला घरातून ऐकू येतं.

पण तीन अटी. बाई खरंच अहिराणी बोलणारी हवी. रावेर-यावलकडच्या लेवा घरातली असेल तर तिच्या तोंडी अहिराणी घालू नका, ती केळीला केयी म्हणते. दुसरं, अर्थ संदर्भातून लागला पाहिजे, कंसात भाषांतर दिलं की जीव गेला. तिसरं, बोली फक्त गरीब आणि रडणाऱ्या माणसाच्या तोंडी आणि शहाणपण सगळं प्रमाण भाषेत, हे करू नका. वाचकाला कळतं, आणि बोलणाऱ्याला तर पहिल्यांदा कळतं.

अंमळनेरी_पेढा

मांडा, तिसरी अट फ्रेम करून लावा.

अभ्यासिका_टेबल_७

सगळं छान, पण परीक्षेत काय? तिथे विभाग नियंत्रक नसतो, परीक्षक असतो. त्याच्या टेबलावर गठ्ठा असतो.

पांझरा

परीक्षकाला तुमच्या भावनेने हलवायचं नसतं. विषयातला माणूस तुम्हाला दिसतो हे दाखवायचं असतं. म्हणून:

सुरुवातीच्या दृश्याला चार-पाच ओळी, त्याहून जास्त नाही. दृश्य विषयाच्या गाभ्यातलं हवं. पाण्यावरचा निबंध आणि सुरुवातीला डोक्यावर हंडा घेतलेली बाई, हे दृश्य गठ्ठ्यातल्या निम्म्या वह्यांत असणार. हंडा टाळा. टँकर आल्यावर घरात कोण थांबतं आणि कोणाची शाळा बुडते, तिथून शिरा.

मध्ये विरोधी बाजू येते तिथे भावना पूर्ण बंद. उलट बाजूला तिच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडा. एसटीच्या विषयात ती बाजू अशी: सकाळच्या फेरीला ९ मुली, गाडी रिकामी धावणार, डिझेलचा खर्च निघणार नाही. हे स्वच्छ मांडून मग उत्तर द्या, की त्याच मार्गावर दूधवाले आणि कामगार आहेत का, मुक्कामी गाडी ठेवली तर रिकामी फेरी वाचते का. विरोधकाला निर्दयी ठरवून सुटलात तर परीक्षकाला कळतं की उत्तर नव्हतं.

शेवटी पुन्हा सुरुवातीच्या दृश्याकडे या, पण बदललेल्या रूपात, दोन ओळीत. नवी भावना शेवटी उघडायची नाही.

एक चाचणी सांगतो. निबंधातले सगळे भावनिक भाग झाका आणि उरलेलं वाचा. दावा उभा राहतो का? मग उलट करा, दावा झाका आणि भावनिक भाग वाचा. ते याच दाव्याकडे बोट दाखवतात का, की कुठल्याही निबंधात खपतील? दुसऱ्या चाचणीत बहुतेक नापास होतात. "कोवळ्या कळ्या" स्त्रीभ्रूणहत्येत, बालमजुरीत, परीक्षेच्या ताणात, सगळीकडे चालतात.

काळी_कसदार

त्यात नफा-तोट्याची मांडणीही जोडा. काहनेमन आणि ट्वर्स्की यांचा १९८१ चा प्रयोग: ६०० जणांच्या जिवाला धोका आहे. "२०० नक्की वाचतील" असं मांडलं तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो खात्रीचा पर्याय घेतला. तेच "४०० नक्की मरतील" असं मांडलं तेव्हा ७८ टक्के जुगाराच्या पर्यायाकडे (सगळे वाचतील किंवा कोणीच नाही) गेले. गणित एकच. म्हणून "९ मुली शिकतील" आणि "१४ मुली घरी बसल्या" यातलं काय लिहायचं ते जाणून ठरवा. तोट्याची मांडणी वाचकाला धोका पत्करायला तयार करते. नवा, न तपासलेला उपाय मागताना ती चालते. आहे ते टिकवा अशी मागणी असेल तर नफ्याची बाजू बरी.

आणि १४ जणी एसटीमुळेच बसल्या याचा पुरावा आहे का? काहींची लग्नं झाली असतील, काही आयटीआयला गेल्या असतील. घरोघर विचारल्याशिवाय तो आकडा लिहू नका. भावनेच्या भरात कारण जोडलं जातं ते नेमकं इथे.

तापीकाठ

बरोबर पकडलं. शेवटचं: हेच निवेदनात कसं उतरवायचं?

केळफूल

निवेदनात दृश्य नको. आगारातला माणूस दिवसाला असे कितीतरी कागद पाहतो, त्याला विषयाची ओळ आणि मागणी हवी असते. एक पान पुरे. विषय: "अमुक ते अमुक मार्गावर सकाळी ६:४५ ची फेरी सुरू करण्याबाबत." पहिल्या परिच्छेदात अंतर, वेळा, प्रवासी. दुसऱ्यात पर्याय दोन, नवी फेरी किंवा ८:०५ ची गाडी आधी आणणं, कारण दुसऱ्याला नवी गाडी लागत नाही. तिसऱ्यात कोणत्या तारखेपर्यंत उत्तराची अपेक्षा. प्रत ग्रामपंचायत आणि महाविद्यालयाला. पोच घ्यायला विसरू नका.

भावना सगळी जोडपत्रात जाते: मुलींची यादी, इयत्ता, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली सही. २३ वेगवेगळ्या अक्षरांतल्या सह्या. त्यावर एक शब्द लिहायचा नाही.

अभ्यासिका_टेबल_७

अल्पवयीन मुलींची यादी आहे ना, मग त्या जोडपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. पालकांच्या सह्याही शेजारी घ्या.

केळफूल

हो, ते राहिलंच होतं. पालकांच्या सहीचा रकाना वाढवा. पेपरला पाठवायचं झालं तर जोडपत्र काढूनच पाठवा.